तार काढा, मग बोलू

हार्ड डिस्क दिसेनाशी झाली की माणूस आधी तार काढतो आणि पुन्हा लावतो. मग दुसऱ्या पोर्टला लावतो, मग शेजारच्या पोराच्या लॅपटॉपला, मग टीव्हीला. मधेच कुणी सांगतं, थोडी ठोकून बघा. कुणी म्हणतं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. कॉम्प्युटरने ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं, तर घाईत ‘हो’ दाबणारेही आहेत. एवढं सगळं झाल्यावर ती डिस्क माझ्या काउंटरवर येते. ‘‘भाऊ, सगळं करून पाह्यलं, आता तुम्हीच पाहा. होईन ना?’’

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बोरगावात आहे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं हे गाव आधी छिंदवाडा जिल्ह्यात होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर तालुक्यासोबत आम्ही त्यात आलो. गावाला लागून इंडस्ट्रियल एरिया आहे, रेमंडची कापड मिल आहे, भोवती संत्र्याच्या बागा आहेत. माझ्याकडे येणाऱ्या डिस्कमध्येही हेच सगळं असतं. कारखान्यातल्या ठेकेदाराची हजेरी आणि बिलं, संत्रा व्यापाऱ्याचा टॅलीतला हिशेब, लग्नाचं शूटिंग, निवृत्त गुरुजींनी आयुष्यभर जमवलेले फोटो.

हे काम करता करता एक गोष्ट मला पक्की कळली आहे. डेटा परत मिळेल की नाही, हे जितकं बिघाडावर अवलंबून असतं तितकंच बिघाडानंतर त्या डिस्कला पहिला हात कुणाचा लागला आणि त्या हाताने काय केलं, यावर असतं. मुंबई-पुण्याच्या लॅबमध्ये महागडी यंत्रं आहेत, तरबेज माणसं आहेत. पण डिस्क त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी इथेच कुणाच्या तरी घरात किंवा दुकानात दहा वेळा चालू-बंद झालेली असते. हा लेख त्या पहिल्या हातासाठी आहे.

डबीच्या आत काय असतं

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमध्ये एक किंवा अधिक गोल, चकचकीत चकत्या असतात. बहुधा काचेच्या, वर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर. या चकत्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. चकतीच्या काठाचा वेग काढला तर तो ताशी साठेक किलोमीटर भरतो. एका बारीक दांडीच्या टोकाला हेड असतं. तेच लिहितं आणि तेच वाचतं. ते चकतीला टेकत नाही. चकती फिरताना तयार होणाऱ्या हवेच्या थरावर तरंगतं, आणि दोघांमधलं अंतर अवघं काही नॅनोमीटर असतं. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड भरतो. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणसुद्धा त्या फटीच्या शेकडो पट मोठा असतो.

ही फट एवढी कमी का, तर कमी जागेत जास्त मावावं म्हणून. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंची ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि साठवण पाच एमबीच्या आसपास. आज मोबाइलच्या एकाच फोटोला तेवढी जागा लागते. पुढे चुंबकीय खूण वाचायची नवी पद्धत हाती आली. तिच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. खुणा बारीक होत गेल्या आणि हेड चकतीच्या आणखी जवळ गेलं. शेकडो लग्नांचे फोटो एका डबीत मावतात ते त्यामुळे, आणि चालू असताना डबी टेबलावरून पडली तर होत्याचं नव्हतं होतं तेही त्यामुळेच.

डिस्क नीट बंद होते तेव्हा हेड चकतीवरून बाजूला सरकून एका छोट्या उतारावर जाऊन बसतं. लाइट अचानक गेली तरी फिरत्या मोटरमधून जी थोडी वीज तयार होते, तिच्यावर हेड मागे ओढून घ्यायची सोय कंपन्यांनी केलेली आहे. म्हणून वीज गेल्याने चकती सहसा खराब होत नाही. मात्र त्या क्षणी काही लिहिणं चालू असेल तर तो मजकूर अर्धवट राहतो. खरा घात होतो तो चालू डिस्कला धक्का बसल्यावर. हेड चकतीवर आपटतं, वाकतं किंवा तुटतं. नंतर दर वेळी डिस्क चालू केली की तेच तुटलेलं टोक सेकंदाला ९० फेऱ्यांच्या वेगाने चकती खरवडतं. जिथला थर निघाला तिथला डेटा जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

आधी कान, मग हात

कुणी डिस्क घेऊन आलं की मी ती लगेच कॉम्प्युटरला लावत नाही. आधी विचारतो: पडली का? पाणी लागलं का? कोणता अडॅप्टर लावला होता? शेवटचं काय दिसलं, काय ऐकू आलं? एवढ्यावरच बराचसा उलगडा होतो.

चांगल्या डिस्कचा आवाज म्हणजे एकसारखी बारीक घरघर. ‘‘टकटक करून राह्यली भाऊ’’ असं कुणी म्हणालं, तर हेडला आपली जागा सापडत नाही असं समजायचं. ते पुन्हा पुन्हा धाव घेतं आणि मागे फिरतं. बारीक ‘बीप’ किंवा अडकल्यासारखा आवाज येत असेल, तर मोटर फिरायला बघते पण फिरत नाही. हेड चकतीला चिकटलेलं असू शकतं किंवा मोटर जाम झालेली असू शकते. खरडल्यासारखा आवाज सगळ्यात वाईट. या तिन्ही आवाजांत घरच्या माणसाने, आणि माझ्यासारख्या दुकानदारानेही, एकच काम करायचं. तार काढायची आणि पुन्हा लावायची नाही.

पूर्ण शांत असलेल्या डिस्कचं मात्र वेगळं असतं. कधी नुसती केबल खराब असते, ती बदलून पाहायला हरकत नाही. कधी बिघाड बाहेरच्या सर्किट बोर्डात असतो आणि आतल्या चकत्या धडधाकट असतात.

पांढुर्ण्याकडून आलेली एक डिस्क अशीच होती. साडेतीन इंची, टेबलावर ठेवून वेगळ्या अडॅप्टरवर चालवायची. तिच्यात गोटमारीचं बऱ्याच वर्षांचं शूटिंग होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, दगडफेक होते, आणि दर वर्षी त्या काठावर कॅमेरे घेऊन पोरं असतात. डिस्कचा मूळ अडॅप्टर सापडला नाही म्हणून एकाने लॅपटॉपचा लावला. पिन बरोबर बसली. पण डिस्कला लागतात १२ व्होल्ट आणि लॅपटॉपचा अडॅप्टर देतो १९.

बोर्डाचे चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू काढले आणि बोर्ड उलटा केला. वीज जिथून आत येते त्याच्या शेजारीच तांदळाएवढे दोन काळे भाग असतात, टीव्हीएस डायोड. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना १२ व्होल्टच्या डायोडला लावल्या आणि मीटर बीप करत राहिला. पिना उलटवल्या, तरी बीप. डायोड शॉर्ट झाला होता, म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं होतं. जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन मागची चिप वाचवणं, यासाठीच तो तिथे बसवलेला असतो. सोल्डरिंगच्या टोकाने तो उचलून काढला, बाकी बोर्ड मीटरने तपासला, १२ व्होल्टचा योग्य अडॅप्टर लावला, आणि डिस्क फिरायला लागली. मालकाचा जीव भांड्यात पडला. पण डायोड काढल्यावर डिस्कला संरक्षण उरत नाही, म्हणून अशी डिस्क पुन्हा वापरात द्यायची नसते. डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा आणि तिचं काम तिथेच थांबवायचं.

बोर्ड खरोखरच जळला असेल, तर ‘तसल्याच मॉडेलचा बोर्ड आणून लावून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. जुन्या डिस्कवर तो चालून जायचा, आताच्या डिस्कवर नाही. प्रत्येक डिस्कची हेडं कारखान्यात जोखली जातात आणि तिच्यापुरतं मोजमाप बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये लिहिलं जातं. ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवल्याशिवाय डिस्क आपली चकती ओळखत नाही. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तर यूएसबीचं तोंड बोर्डावरच असतं आणि डेटा तिथेच कुलूपबंद होऊन चकतीवर जातो. तुम्ही पासवर्ड घातलेला नसला तरीही. अशी डबी फोडून चकत्या दुसरीकडे वाचल्या तर नुसते आकडे मिळतात, त्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून जळलेला बोर्ड कचऱ्यात टाकू नका, तो डिस्कसोबतच ठेवा.

आधी नक्कल, मग शोध

माझ्याकडे जास्त येतात त्या अर्धवट चालणाऱ्या डिस्क. लावली की दिसते, फोल्डरची नावंही येतात, पण फाइल उघडायला गेलं की कॉम्प्युटर अडकून बसतो. चकतीवरचे काही भाग, म्हणजे सेक्टर, खराब झालेले असतात. एक टीबीच्या डिस्कमध्ये ५१२ बाइटचे सुमारे १९५ कोटी सेक्टर असतात. त्यातले काही हजार बिघडले तरी टक्केवारीत ते काहीच नाही. पण एक सेक्टर वाचता आला नाही की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कित्येक सेकंद झगडते, आणि विंडोज वरून आणखी आग्रह धरतं. आधीच थकलेलं हेड त्याच खराब जागेवर झिजतं. अशा वेळी ‘महत्त्वाचा फोल्डर तेवढा कॉपी करून घेऊ’ म्हणून माउसने ओढत बसणं म्हणजे डिस्कचं उरलेलं आयुष्य नको त्या जागी खर्च करणं.

इथे विंडोजचं चेकडिस्कही चालवायचं नाही. ते फाइल सिस्टीम सरळ करायला निघतं, डिस्कवर लिहितं आणि जुळत नसलेल्या नोंदी काढून टाकतं. त्याला तुमच्या लग्नाच्या व्हिडिओचं काही देणंघेणं नसतं. आपल्याला डिस्क दुरुस्त करायचीच नाही. तिच्यातलं जेवढं हाती लागेल तेवढं बाहेर काढायचं आहे. एवढा एक विचार डोक्यात बसला की पुढच्या अर्ध्या चुका टळतात.

बाहेर काढायची रीत अशी. लिनक्सवर चालणारा जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो फाइलींकडे पाहत नाही. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत आख्ख्या डिस्कची नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. वाट अडली की थांबत नाही, ती जागा सोडून पुढे उडी मारतो. पहिल्या फेरीत सोपं ते सगळं गोळा होतं. दुसऱ्या फेरीत सोडलेल्या जागांच्या कडा वाचल्या जातात, आणि अगदी अवघड जागा सगळ्यात शेवटी. कुठला सेक्टर मिळाला आणि कुठला राहिला याची नोंद तो एका मॅपफाइलमध्ये करत जातो. मधेच लाइट गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवली, तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा हे काम मी रात्री लावतो आणि डिस्कवर पंख्याचा वारा सोडतो. स्क्रीनवर मिळालेल्या डेटाचा आकडा वाढत जातो, वेग कधी झपकन वर जातो, कधी शून्यावर येतो. दोन टीबीची आजारी डिस्क कधी रात्रभरात उतरते, कधी आठवडा घेते. गिऱ्हाईक रोज फोन करतं. मी त्याला एवढंच सांगतो की वेळ लागतोय, कारण आपण तिच्यावर जबरदस्ती करत नाही आहोत. मात्र नक्कल चालू असताना टकटक सुरू झाली, तर तिथेच थांबायचं. तिथून पुढे ते लॅबचं काम.

नक्कल हाती आली की मूळ डिस्क पाकिटात घालून बाजूला ठेवायची. शोधाशोध, प्रयोग, सॉफ्टवेअर, सगळं त्या नकलेवर करायचं.

पटवाऱ्याचं दप्तर

चुकून डिलीट झालेल्या किंवा फॉरमॅट केलेल्या डिस्क म्हणजे वेगळी जात. यात यंत्र धडधाकट असतं, नोंद बिघडलेली असते. फाइल डिलीट करणं म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तरातून शेतावरचं नाव खोडणं. शेत जागच्या जागी असतं, पीकही उभं असतं. दुसऱ्या कुणाच्या नावे चढून त्याने नांगर घातला की मग मात्र जुनं पीक गेलं. म्हणून चुकून डिलीट झाल्यावर त्या डिस्कवर नवं काहीही टाकायचं नाही. डेटा शोधणारं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर इन्स्टॉल करायचं नाही.

नोंद शाबूत असेल तर टेस्टडिस्कसारखा प्रोग्राम पार्टिशन पुन्हा शोधून देतो. नोंदच उरली नसेल तर फोटोरेक फाइलींच्या तोंडवळ्यावरून त्या हुडकतो. दोन्ही मोफत आहेत. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपेग फोटो कायम एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटने सुरू होतो. फोटोरेक अशा खुणा शोधत डिस्क चाळतो. फोटो यातून छान मिळतात, पण नाव आणि तारखेचे फोल्डर गेलेले असतात. मग हजारो फोटो हाताने वेगळे करायचे. मोठ्या व्हिडिओंचं काम त्याहून कठीण. एक फाइल चकतीवर दहा ठिकाणी विखुरलेली असू शकते, आणि एमपी४ मध्ये सगळ्या फ्रेमचा पत्ता सांगणारा भाग बऱ्याचदा फाइलच्या शेवटी लिहिला जातो. तो मिळाला नाही तर आवाज-चित्र असूनही व्हिडिओ उघडत नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेला दुसरा चांगला व्हिडिओ आणायला मी सांगतो. त्याच्या आधाराने काही वेळा तुटलेली फाइल जोडता येते.

फॉरमॅटमध्येही फरक आहे. ‘क्विक फॉरमॅट’मध्ये दप्तर नवं होतं, डेटा बराचसा जागेवर राहतो. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केला तर आख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मग हात टेकावे लागतात. चकती नसलेल्या एसएसडीतही हाच धोका आहे. तिथे ट्रिम नावाची व्यवस्था डिलीट केलेल्या जागा स्वतःच रिकाम्या करून टाकते. आताच्या काही पोर्टेबल हार्ड डिस्कही तसंच वागतात. चूक लक्षात आल्याबरोबर तार काढणं इथेही तितकंच गरजेचं.

आकाशातून पडलेली डिस्क

लोक निराश झाले की मी त्यांना कोलंबिया यानाची गोष्ट सांगतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना ते यान टेक्सासच्या आकाशात तुटलं. कर्नालची आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. यानात झेनॉन वायूच्या दाटपणावरचा एक प्रयोग होता. त्याची बरीच मोजमापं रेडिओने पृथ्वीवर आली होती, बाकीची सुमारे ४०० एमबीच्या सीगेट डिस्कवर होती. काही महिन्यांनी ती टेक्सासमध्ये एका कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. प्लॅस्टिक वितळलेलं, आतले भाग जळलेले, सील जाऊन धूळ आत शिरलेली.

क्रोल ऑनट्रॅक या कंपनीतल्या जॉन एडवर्ड्स यांनी चकत्या काढल्या, रसायनाने स्वच्छ केल्या आणि दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या. सुमारे ९९ टक्के डेटा हाती आला आणि त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये छापून आला. चकत्या वाकल्या नव्हत्या. डिस्क निम्मीच भरलेली होती. जुन्या डॉस प्रणालीत डेटा विखुरलेला नव्हता, आणि चकतीच्या ज्या भागाला मार बसला तिथे तो नव्हताच. याच यानातल्या इतर दोन डिस्कमधून मात्र काहीच मिळालं नाही.

बाहेरचं रूप पाहून आशा सोडू नये, हे या गोष्टीतून कळतं. आणि चकतीवरचा थर शाबूत असेल तरच आशा असते, हेही कळतं. तो थर जपणं आपल्या हातात आहे.

घरगुती उपाय सोडा

म्हणून काही गोष्टी स्पष्टच सांगतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की आत दव धरतं आणि ओल्या चकतीवर हेड चिकटतं. ठोकू नका. यूट्यूबवर पाहून झाकण उघडू नका. लॅबमध्ये हे काम जिथे होतं, तिथल्या एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या वर असू नयेत असा दंडक असतो. आपल्या खोलीत असे कण लाखांत असतात. डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं. ते हवेचा दाब सारखा ठेवायला असतं आणि आतून त्याला गाळणी असते. त्याच्यावर चिकटपट्टी लावू नका.

पाणी गेलं असेल तर तांदळात ठेवू नका, उन्हातही वाळवू नका. पाणी आटलं तरी त्यातला गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून राहतात. ओल तशीच राहील अशा बंद पिशवीत डिस्क ठेवून लवकरात लवकर लॅबला पोहोचवणं हाच बरोबर मार्ग आहे. आणि वाळली तरी चालू करून पाहायची नाही.

लॅबमध्ये हेड बदलतात तेव्हा त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच बनावटीची दुसरी चालू डिस्क आणून तिची हेडं काढून घेतात. एका डिस्कसाठी दुसरी बळी जाते, कधी दोन जातात. नवी हेडं बसली तरी ती परकीच असतात, फार काळ टिकतील याचा भरवसा नसतो. म्हणून लगेच नक्कल काढतात. त्यासाठी रशियाच्या एस लॅबची पीसी-३००० सारखी यंत्रणा लागते. ती कुठलं हेड चालतं, कुठलं अडतं हे पाहून एकेका हेडने वेगळं वाचते. म्हणून खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट होतो. पाठवण्याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्या: तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर काय, पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि मूळ डिस्क परत मिळणार का. ‘शंभर टक्के काढून देतो’ असं डिस्क न पाहता सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

आणखी एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. डिस्कमध्ये कुणाच्या घरचे फोटो असतात, लेकीसुनांचे, आजारपणाचे, पैशांच्या व्यवहारांचे. मी खात्रीपुरत्या दोन-चार फाइल उघडतो, त्याही मालकासमोर. काम झाल्यावर ठरलेल्या दिवशी माझ्याकडची नक्कल पुसून टाकतो आणि तसं सांगतो. गावात नाव टिकवायचं असेल तर एवढं करावंच लागतं. तुम्ही ज्याच्याकडे डिस्क द्याल त्याला हे आधी विचारा.

दुसरी प्रत

आमच्या भागातल्या किती गोष्टी एकेका डिस्कवर आहेत, हे मला रोज दिसतं. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाइन आली. सौंसर, रामाकोना, भीमालगोंदीवरून जाणाऱ्या त्या छोट्या गाडीचे व्हिडिओ लोकांनी आपापल्या कॅमेऱ्यात घेतले. आज ते कुणाच्या तरी कपाटातल्या जुन्या डिस्कवर आहेत. भुलाबाईची गाणी तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या बायांचे आवाज कुणी नातवाने रेकॉर्ड केलेले आहेत. ती गाडी परत येणार नाही आणि त्यातल्या बऱ्याच आज्या आता नाहीत. त्या डिस्क बंद पडल्या तर आमच्या गावांचं तेवढं बोलणं-गाणं कायमचं जाईल.

पीटर क्रो नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने एक सोपा नियम रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आमच्याकडे तो असा पाळता येतो. मूळ प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी सौंसरला बहिणीकडे किंवा नागपूरला मुलाकडे. निवडक फोटो आणि कागद क्लाउडवर. बाहेरची डिस्क वर्षातून एक-दोनदा लावून पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम तिची तब्येत सांगतो. त्यात बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत असेल, तर त्याच दिवशी नवी डिस्क घ्या. मात्र तो ‘गुड’ म्हणाला म्हणून निर्धास्त राहू नका, कारण काही डिस्क काहीच न सांगता बंद पडतात.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या भावांना माझं एक सांगणं आहे. कार्ड रिकामं करण्याआधी दोन डिस्कवर प्रत घ्या आणि अल्बम हातात पडेपर्यंत दोन्ही एका बॅगेत ठेवू नका. दुसऱ्या डिस्कचा खर्च लग्नाच्या भावातच धरा. आणि घरच्यांनी तो खळखळ न करता द्यावा. मंडपाच्या फुलांपेक्षा तो कमीच असतो, आणि हेड आपटल्यानंतरच्या लॅबच्या बिलापुढे तर काहीच नसतो.